वडिलांच्या नव्या फोनमध्ये काय बसवावे आणि कोणत्या क्रमाने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, आईसह अहिल्यानगर जिल्ह्यातील गावी राहतात, गावी थोडी शेती आहे आणि आपण पुण्यात नोकरीला आहात. आजवर बटणांचा फोन वापरणाऱ्या वडिलांना आपण १२८ जीबी साठवणीचा अँड्रॉइड फोन घेऊन दिला आहे. त्यात कोणती ॲप्स बसवावीत, कोणत्या ऑनलाइन सेवा भरवशाच्या आहेत, त्यांपैकी कशाला पैसे पडतात आणि काय मुळीच घेऊ नये, असे आपण विचारले आहे. ज्येष्ठ नागरिकांचे फोन लावून देणे आणि बिघडलेले पूर्ववत करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे सविस्तर लिहितो.

‘उपयुक्त ॲप्स’ची यादी मागणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम हेच सांगतो की, फोनमधील जवळपास प्रत्येक सेवा दोनच गोष्टींवर उभी असते: एक सिमकार्डावरचा क्रमांक आणि दुसरे गूगलचे खाते. बँक ओटीपी पाठवते ती त्या क्रमांकावर, सरकारी कागदपत्रे फोनमध्ये ठेवणारा डिजिलॉकर उघडतो तो त्या क्रमांकावर, व्हॉट्सॲपही त्याच क्रमांकावर चालते. आणि संपर्क, छायाचित्रे, ॲप्स व हरवलेल्या फोनचा शोध हे सारे गूगल खात्याला बांधलेले असते. हे दोन्ही पक्के नसतील तर वर कितीही चांगली ॲप्स बसवली तरी त्यांचा भरवसा नाही. म्हणून पहिला तास ॲप्ससाठी नव्हे, तर या दोन गोष्टींसाठी राखून ठेवावा.

आधी गूगल खाते. फोन विकताना दुकानातला मुलगा ‘काका, चालू करून देतो’ म्हणून घाईत एक नवे जीमेल खाते काढतो, पासवर्ड स्वतःच्या मनाने टाकतो आणि तो कुठेही लिहून ठेवत नाही. हा प्रकार सर्रास चालतो. वर्षभर काहीच अडत नाही. मग एक दिवस फोन अडकतो, कोणीतरी तो मूळ स्थितीत आणतो (फॅक्टरी रीसेट) आणि पडद्यावर संदेश येतो की या फोनवर पूर्वी असलेल्या खात्याने प्रवेश करा. चोरलेला फोन निरुपयोगी ठरावा म्हणून अँड्रॉइडमध्ये केलेली ही व्यवस्था अशा वेळी मालकालाच बाहेर ठेवते. आपण गावी जाल तेव्हा सेटिंग्जमध्ये कोणते खाते आहे ते पाहावे. त्याचा पासवर्ड वडिलांना ठाऊक नसेल तर फोनमध्ये काहीही साठण्यापूर्वी नवे खाते काढून फोन नव्याने लावावा. मात्र मूळ स्थितीत आणण्याआधी जुने खाते सेटिंग्जमधूनच काढून टाकावे, म्हणजे वरची अडचण उद्भवत नाही. नव्या खात्याला पुनर्प्राप्तीचा क्रमांक म्हणून वडिलांचा नव्हे तर आपला क्रमांक आणि पुनर्प्राप्तीचा ईमेल म्हणून आपला ईमेल द्यावा, कारण ज्या दिवशी फोन हरवतो त्या दिवशी त्या फोनमधला क्रमांकही हाताशी नसतो. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की आठ अंकी राखीव कोड मिळतात. ते कागदावर उतरवून आईच्या कपाटात ठेवावेत. पासवर्डही घरातल्या वहीत लिहिला तरी माझी हरकत नाही. गावातल्या घरातली वही चोरण्यासाठी कोणी भिंत चढून येत नाही. पासवर्ड जातो तो फोनवर गोड बोलणाऱ्या माणसाला सांगितल्यामुळे.

आता सिमकार्ड. फोनला पॅटर्न किंवा बोटाच्या ठशाचे कुलूप असले की आपण निर्धास्त होतो; परंतु चोराने त्यातले सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तर ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. यावर उपाय म्हणजे सिमचा स्वतःचा पिन. सेटिंग्जमध्ये सुरक्षिततेच्या भागात ‘सिम लॉक’ असते. ते चालू केले की फोन बंद करून पुन्हा सुरू करताना किंवा सिम दुसरीकडे घालताना चार आकडे विचारले जातात. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. हा पिन पहिल्यांदा चालू करताना कंपनीने ठरवलेला मूळ पिन द्यावा लागतो, तो कंपनीनुसार वेगळा असू शकतो, आणि तीनदा चुकला की सिम अडकून पीयूके, म्हणजे अडकलेले सिम उघडण्याचा क्रमांक मागते. म्हणून अंदाजाने आकडे टाकू नयेत; ग्राहक सेवेला विचारून मगच हे काम करावे. वडिलांना रोज फोन बंद करण्याची सवय असेल तर त्यांना हा पिन पाठ हवा, एवढेही लक्षात घ्यावे.

सिम कोणाच्या नावावर आहे हेही तपासावे. दूरसंचार विभागाने २०२३ साली ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे ॲप आले. त्यात आपल्या नावावर किती जोडण्या चालू आहेत हे दिसते आणि अनोळखी जोडणीबद्दल ‘हा माझा क्रमांक नाही’ अशी तक्रार तेथेच करता येते. कागदपत्रांच्या छायाप्रती कधीकाळी कुठे कुठे दिल्या हे कोणालाच आठवत नसल्यामुळे ही तपासणी सर्वांनीच एकदा करावी. याच ठिकाणी ‘चक्षू’ नावाच्या सोयीतून संशयास्पद कॉल व संदेश कळवता येतात. हरवलेला फोन सर्व मोबाइल जाळ्यांवर बंद करण्याची सोयही येथेच आहे. त्यासाठी पोलिसांतील तक्रारीची प्रत, फोनचा आयएमईआय (त्या फोनची ओळख पटवणारा) क्रमांक आणि ओटीपीसाठी त्याच क्रमांकाचे नवे सिम लागते. आयएमईआय फोन हरवल्यावर शोधायचा नसतो. आजच *#०६# दाबून आलेले पंधरा अंक (दोन सिमांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात) त्याच वहीत लिहून ठेवावेत. गूगलची फोन शोधण्याची सेवा, जिचे नाव २०२५ पासून ‘फाइंड हब’ झाले आहे, ती चालू आहे याची खात्री करून आपल्या फोनवरून एकदा वडिलांचा फोन वाजवून पाहावा. हरवला नसतानाही तिचा उपयोग होतो, कारण फोन बहुधा गादीखाली किंवा देवघराजवळ सापडतो.

एवढे झाल्यावर ॲप्सकडे वळावे. आपल्या वडिलांच्या बाबतीत पहिला मान मी डिजिलॉकरला देईन. ही केंद्र सरकारची सेवा २०१५ पासून चालू आहे आणि विनामूल्य आहे. पण ती वापरणाऱ्यांपैकी अनेकांच्या लक्षात न येणारा एक भेद तिच्यात आहे, आणि तो समजला नाही तर ऐन वेळी पंचाईत होते. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एकात सरकारी खात्याने किंवा संस्थेने थेट पाठवलेली, म्हणजे ‘निर्गमित’ कागदपत्रे असतात: आधार, वाहन परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, पॅन, गुणपत्रिका. दुसऱ्यात आपण स्वतः फोटो काढून चढवलेली कागदपत्रे असतात. पहिल्या कप्प्यातील कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. दुसऱ्या कप्प्यातील कागद म्हणजे केवळ आपण जपून ठेवलेला फोटो. रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्ये डिजिलॉकरमधील परवाना व नोंदणीपत्र ग्राह्य धरावे असे राज्यांना कळवले आणि रेल्वेनेही त्याच वर्षी डिजिलॉकरमधील आधार व वाहन परवाना ओळखपत्र म्हणून मान्य केला. पण दोन्ही ठिकाणी अर्थ पहिल्या कप्प्यातील कागदाचाच आहे. तिकीट तपासनिसाने फोटो नाकारला म्हणून त्याच्याशी हुज्जत घालण्यात काही हशील नसते, कारण नियमाने तो बरोबर असतो. वडिलांच्या जुन्या परवान्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक असेल तर कागद ओढला जात नाही. शिक्षकी पेशातल्या माणसांचे नाव एका ठिकाणी आडनावापासून आणि दुसरीकडे स्वतःच्या नावापासून सुरू होते, तेव्हा हे नेहमीच घडते. अशा वेळी आधी मूळ नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. फोनवर खटपट करून उपयोग नसतो.

निवृत्तिवेतनाचा विषय याला लागूनच येतो. दर नोव्हेंबरला बँकेच्या रांगेत उभे राहून हयातीचा दाखला देण्याऐवजी ‘जीवन प्रमाण’ या सेवेतून तो घरबसल्या देता येतो. ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा बोटांच्या ठशांचे यंत्र लागत असे. म्हाताऱ्या माणसांचे ठसे पुसट झालेले असल्यामुळे ते यंत्र वारंवार नकार देई. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याच्या पडताळणीची सोय झाली आणि साधा अँड्रॉइड फोन पुरेसा ठरू लागला. त्यासाठी दोन ॲप्स लागतात: आधारचे चेहरा ओळखणारे ‘आधार फेस आरडी’ आणि जीवन प्रमाणचे स्वतःचे. दुसरे ॲप आधी ‘ऑपरेटर’चा, म्हणजे फोन हाताळणाऱ्याचा चेहरा तपासते आणि मग निवृत्तिवेतनधारकाचा, पहिल्यांदा करणारे येथे गोंधळतात. ऑपरेटर म्हणून आपण किंवा स्वतः वडीलही चालतात. उजेड चेहऱ्यावर पडेल असे, दाराकडे तोंड करून बसवावे, चष्मा काढावा आणि सांगितले जाईल तेव्हा पापण्या मिटाव्यात. शेवटी प्रमाण क्रमांक येतो, तो जपून ठेवावा. दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्यात. वडिलांना निवृत्तिवेतन देणारे कार्यालय आणि बँक यांची नावे ॲपमधील यादीत आहेत का, हे तपासावे. नसतील तर जुन्याच मार्गाने जावे. आणि दाखला तयार झाला म्हणजे तो स्वीकारला गेला असे नव्हे. काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती पाहावी.

याच संदर्भात आधारच्या बायोमेट्रिक कुलुपाचे सांगतो. बोटाच्या ठशावर बँक खात्यातून पैसे काढण्याची सोय ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर आहे आणि तिचा गैरवापर झाल्याची प्रकरणेही घडली आहेत. म्हणून ठसे, बुबुळ व चेहरा यांची पडताळणी आधारच्या ॲपमधून कुलूपबंद ठेवावी, असा सल्ला मी देतो. पण हे कुलूप लावलेले असेल तर जीवन प्रमाणची चेहरा पडताळणीही होत नाही आणि कारण पटकन लक्षात येत नाही. नोव्हेंबरमध्ये आधी ते तात्पुरते उघडावे, मग दाखला द्यावा.

शेतीसाठी महाराष्ट्राच्या महसूल विभागाच्या सेवा खरोखर कामाच्या आहेत. महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो, परंतु तो केवळ माहितीसाठी असतो. कर्जासाठी किंवा कार्यालयात द्यायचा सातबारा हवा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा घ्यावा लागतो आणि त्याला प्रत्येक प्रतीमागे १५ रुपये पडतात. मधला माणूस याच प्रतीसाठी किती घेतो हे आपल्याला गावात विचारले की कळेल. ‘ई-पीक पाहणी’, म्हणजे ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याची सोय, २०२१ पासून राज्यभर चालू आहे. तिच्यात शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची असते. शेतात जाळे मिळत नसेल तरी नोंद करून ठेवता येते आणि जाळ्यात आल्यावर ती चढवता येते; ती चढल्याची खात्री केल्याशिवाय मात्र ॲप काढून टाकू नये. आणखी एक ॲप मी गावाकडच्या प्रत्येक फोनमध्ये घालतो ते ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले असून आपल्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते सावध करते. मॉन्सूनपूर्व दुपारी रानात असलेल्या माणसाला याहून मोलाची सूचना फोन देऊ शकत नाही. त्यासाठी ठिकाणाची परवानगी आणि सूचना दाखवण्याची परवानगी दोन्ही चालू हव्यात, आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन त्या ॲपला झोपवत नाही ना, हे सेटिंग्जमध्ये पाहावे लागते. स्वस्त फोनांत सूचना न येण्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

पैशांच्या व्यवहाराबाबत माझे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि आज गावातल्या भाजीवाल्यापर्यंत पोहोचले आहे. वडिलांनी ते वापरू नये असे मी म्हणणार नाही. पण निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते ते खाते यूपीआयला जोडू नये. दुसरे एक साधे बचत खाते काढावे, त्यात महिन्याच्या खर्चापुरते चार-पाच हजार ठेवावेत आणि तेच जोडावे. म्हणजे काही विपरीत घडले तरी नुकसानीला मर्यादा राहते. यूपीआयचे ॲप एकच असावे. राष्ट्रीय देयक महामंडळाचे भीम असो किंवा कोणत्याही बँकेचे, मूळ व्यवस्था एकच आहे. वेगवेगळ्या ॲप्समधील कॅशबॅकच्या मागे लागून तीन-तीन ठिकाणी खाते जोडणे वडिलांच्या वयात तरी टाळावे. किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट उत्तम: त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात आणि बँकेच्या पासबुकात दहा-दहा रुपयांच्या नोंदींची गर्दी होत नाही. पिन न लागण्यामुळेच फोनला पडद्याचे कुलूप अनिवार्य समजावे. आईचे वेगळे खाते जोडायचे नसेल तर ‘यूपीआय सर्कल’ पाहावे. त्यात मुख्य खातेदार दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्यातून खर्च करण्याची मुभा देतो, हवे तर प्रत्येक व्यवहाराला स्वतः मान्यता देतो.

वडिलांना एकच नियम पाठ करायला लावावा: पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीही नाही. ‘तुमच्या खात्यात पैसे टाकतो, फक्त पिन टाका’ असे म्हणणारा चोरच असतो, मग तो स्वतःला बँकेचा म्हणो, वीज कंपनीचा म्हणो वा लष्कराचा. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ असा राखीव पत्ता ठरवून दिला आहे आणि बँकांनी ऑक्टोबर २०२५ अखेर त्यावर यावे असे सांगितले होते. त्यामुळे पत्त्याचे शेवटचे शब्द पाहण्याची सवय लावता येते. बँकांचे अधिकृत सेवा कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत अशी व्यवस्था केली जात आहे, आणि जाहिरातींचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून. साध्या दहा अंकी क्रमांकावरून ‘बँकेतून बोलतोय’ असे ऐकू आले की फोन ठेवून शाखेला विचारावे. एवढे करूनही पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर ताबडतोब कळवावे. येथे खरोखर मिनिटे मोजली जातात, कारण पैसा पुढच्या खात्यातून काढला जाण्याआधीच तो गोठवता येतो. हा क्रमांक संपर्कात ‘अ’ने सुरू होणाऱ्या नावाने साठवावा, म्हणजे घाबरलेल्या अवस्थेत शोधावा लागत नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवरून कोणालाही ‘डिजिटल अटक’ करत नाही. कायद्यात असा प्रकारच नाही. हे वाक्य मी प्रत्येक ज्येष्ठाला मोठ्याने म्हणून दाखवायला लावतो, कारण शिकलेली, मोठ्या पदांवरून निवृत्त झालेली माणसेच या सापळ्यात अधिक सापडतात.

व्हॉट्सॲप तर येणारच. ते चालू केल्याबरोबर सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी लावावी, नाहीतर ओटीपी कोणाला सांगितला की खाते गेले. ‘जोडलेली उपकरणे’ या ठिकाणी अनोळखी संगणक दिसतो का हे आपण गावी जाल तेव्हा पाहत जावे. फोटो व व्हिडिओ आपोआप उतरवणे बंद करावे. शिक्षकांच्या जुन्या तुकड्यांचे, पाहुण्यांचे आणि सोसायटीचे असे पाच गट झाले की रोजच्या सुप्रभाताची फुले व देवांची चित्रे यांनीच साठवण भरू लागते. भरलेली साठवण मोकळी करण्यासाठी वेगळे ‘क्लीनर’ ॲप मुळीच घेऊ नये. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील साठवणीच्या भागात ‘अनेकदा पुढे पाठवलेले’ आणि ‘५ एमबीपेक्षा मोठे’ असे कप्पे केलेलेच असतात, तेथून एका झटक्यात पुसता येते. जतन प्रतीचेही (बॅकअप) लक्षात घ्यावे: व्हॉट्सॲपची प्रत, जीमेल आणि गूगल फोटो हे सगळे मिळून १५ जीबी फुकट मिळतात, आणि जून २०२१ पासून फोटोंसाठी वेगळी अमर्याद जागा राहिलेली नाही. व्हॉट्सॲपच्या प्रतीतून व्हिडिओ वगळले तर वडिलांना ही जागा दीर्घकाळ पुरेल. नातवंडांचे फोटो आपण आपल्या संगणकावर उतरवून घ्यावेत.

मराठी लिहिण्यासाठी गूगलचा जीबोर्ड पुरेसा आहे आणि बहुतेक फोनांत तो आधीच असतो. त्यात मराठी भाषा जोडताना तीन पद्धती दिसतात: देवनागरी अक्षरांचा कळफलक, रोमन अक्षरांतून देवनागरी आणि बोटाने गिरवण्याचा हस्तलेखनाचा. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेल्या माणसाला मी तिसरा देतो. शिक्षकांचे अक्षर तो फार चांगले ओळखतो आणि ते ‘टाइप’ शिकण्याच्या दडपणातून सुटतात. बोलून लिहिण्याची सोयही आता मराठीत चांगली चालते, फक्त विरामचिन्हे हाताने घालावी लागतात. मुंबईच्या आयआयटीने २०१३ मध्ये काढलेला स्वरचक्र हा कळफलक बाराखडीच्या रचनेवर बेतलेला असल्यामुळे काहींना अधिक सोपा वाटतो. आवडल्यास तो पाहावा. फोनची भाषा मराठी ठेवावी की इंग्रजी, याबाबत माझा अनुभव असा की वडील आपल्याला फोनवरून विचारणार असतील तर दोघांच्या फोनची भाषा एकच हवी. ‘सेटिंग्जमध्ये जा’ म्हटल्यावर त्यांच्यासमोर वेगळाच शब्द असला की दोघांचाही धीर सुटतो.

वाचनासाठी मराठी विश्वकोशाचे सर्व खंड ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात, हे निवृत्त शिक्षकाला सांगितले की फोनबद्दलची त्याची अढी निम्मी कमी होते. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर अस्मिता वाहिनीसह आकाशवाणीची केंद्रे ऐकता येतात. इंग्रजीतले बँकेचे पत्र किंवा औषधाचे वेष्टन वाचायचे असेल तर गूगल लेन्सने कॅमेरा धरून मराठी भाषांतर दिसते. औषधाच्या मात्रेबाबत मात्र त्यावर विसंबू नये, औषधविक्रेत्यालाच विचारावे. प्रवासासाठी रेल्वेचे ‘रेलवन’ हे जुलै २०२५ मध्ये आलेले एकच ॲप आरक्षित, अनारक्षित तिकीट आणि गाडीची स्थिती यांना पुरते. वडिलांचे वय ७० च्या पुढे असल्यामुळे ‘आयुष्मान’ ॲपमधून त्यांचे वय वंदना कार्ड काढून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून या वयाच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण खुले झाले आहे. आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा, आणि फोनच्या सुरक्षितता सेटिंग्जमध्ये रक्तगट, चालू औषधे व आपला क्रमांक भरून ठेवावा. ही माहिती कुलूप न उघडता कोणालाही पाहता येते.

काय घेऊ नये याची यादी त्या मानाने लहान आहे. बॅटरी वाढवणारी, फोन वेगवान करणारी, विषाणू मारणारी, टॉर्चची, क्यूआर वाचणारी वेगळी ॲप्स नकोत; यांतील उपयोगी काम फोन स्वतः करतो. फोन कोणाचा आला हे सांगणारे ॲपही मी ज्येष्ठांच्या फोनमध्ये घालत नाही, कारण त्यात दिसणारे ‘अमुक बँक’ हे नाव लोकांनीच दिलेले असू शकते आणि माणूस त्यावर विश्वास ठेवतो. ‘दोन मिनिटांत कर्ज’ देणारी ॲप्स संपर्कयादी आणि फोटो मागतात, तिथेच थांबावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्ले स्टोअरबाहेरून आलेली कोणतीही फाइल बसवू नये. ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’ अशा नावांच्या आणि शेवटी ‘एपीके’ असलेल्या फाइली व्हॉट्सॲपवर येतात, पुष्कळदा ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून, कारण त्याचा फोन आधीच बळी पडलेला असतो. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते; ती बसवावी लागत नाही. समजावून सांगण्यावर न थांबता सेटिंग्जच्या विशेष ॲप प्रवेशाच्या भागात ‘अज्ञात ॲप्स बसवणे’ उघडून व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल व्यवस्थापक या तिघांची परवानगी बंद असल्याचे पाहावे. तसेच ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी कोणत्या ॲपला आहे तेही पाहावे, ही परवानगी मिळालेले ॲप पडद्यावरचे सारे वाचू शकते आणि स्वतः बटणेही दाबू शकते. दृष्टिहीनांसाठीच्या वाचकासारख्या सोयी वगळता तेथे कोणाचेही नाव असू नये. स्वस्त फोनांत कुलपाच्या पडद्यावर बातम्या व जाहिराती फिरत राहतात आणि निर्मात्याचे स्वतःचे ॲप दुकान सारखे ‘हे घ्या, ते घ्या’ म्हणते. त्या दोन्हींच्या सूचना पहिल्याच दिवशी बंद कराव्यात, कारण अर्ध्याहून अधिक नको असलेली ॲप्स चुकून लागलेल्या बोटामुळे तेथूनच येतात.

राहिला प्रश्न पुण्याहून मदत करण्याचा. फोनचा ताबा दुरून घेण्याची ॲप्स वडिलांच्या फोनमध्ये कायमची ठेवू नयेत. भामट्यांचे आवडते हत्यार तेच आहे आणि ‘मुलानेही हेच वापरले होते’ म्हणून वडील सहज फसतील. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये पडदा दाखवण्याची (स्क्रीन शेअर) सोय आहे, ती पुरेशी होते: आपल्याला दिसते, पण दाबतात ते वडीलच. तीसुद्धा फक्त आपल्या कॉलवर वापरायची आणि इतर कोणीही पडदा दाखवायला सांगितले तर कॉल कापायचा, हे ठरवून द्यावे. पडदा दाखवत असताना बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप उघडायचे नाही, हेही त्यातच आले. पहिल्या भेटीत खाते, सिम, डिजिलॉकर आणि व्हॉट्सॲप एवढेच लावावे. यूपीआय महिनाभराने, वडिलांचा हात फोनवर बसल्यावर, आणि जीवन प्रमाण ऑक्टोबरअखेरीस, म्हणजे नाव-क्रमांकाची काही दुरुस्ती निघालीच तर नोव्हेंबर संपण्यापूर्वी ती करायला वेळ राहतो.